पाठ करून बसणारा भुऱ्या

फार पूर्वी, डोंगराच्या सपाट माथ्यावर वसलेल्या एका गावात एक तरुण आई राहत होती, आणि तिला सगळ्याची भीती वाटायची.

तिची लेक रेवू नुकतीच पळायला शिकली होती. मूल पळायला लागलं की बाकीच्या आया कौतुकाने चारचौघांत सांगत सुटतात. हिने ओसरीच्या पायऱ्यांना आडवी फळी ठोकून घेतली. रेवू शिंकली की हिला ताप दिसायचा. रेवू गप्प बसली की हिला वाटायचं, काहीतरी गिळलं. आपण जरा जास्तच करतो हे तिलाही कळायचं. पण कळून उपयोग काय? समज दारात पोचेपर्यंत काळजी आत येऊन जेवायला बसलेली असायची.

गावात तिला सगळे 'रेवूची आई' म्हणत. देवळात कीर्तन असलं तरी तिचं तोंड बुवांकडे नसायचं, मागे अंगणात खेळणाऱ्या पोरांकडे असायचं.

"अगं, बुवांकडे पाठ करून काय बसतेस? लोक बघतायत," सासूबाई कुजबुजत.

"ऐकतेय मी, आत्याबाई," ती म्हणे. आणि ती खरंच ऐकत असे. ऐकायला कुठे मान वळवावी लागते?

तिचा नवरा बैलगाडी घेऊन घाटाखाली मीठ आणायला जाई, तो बरेच दिवस परत येत नसे. घरात सासूबाई, ही आणि रेवू. एकदा तिच्या मनात आलं, दारात एक दांडगं कुत्रं असावं. घरात घाबरणारी एक आहे, तेवढी पुरे. न घाबरणारंही कोणीतरी पाहिजे.

शेजारच्या गोदाआक्कांकडे तसा कुत्रा होता, ढाण्या नावाचा. वेशीपाशी पान हललं तरी तो भुंकून गाव गोळा करी. गावाबाहेरच्या मोकळ्या माळाला लोक सडा म्हणत. सड्याच्या टोकाला खोल कडा होता, आणि तिथून हाक मारली की समोरचा डोंगर तीच हाक परत देई. ढाण्या तिथे गेला की समोरच्या डोंगरातल्या कुत्र्याशी घसा बसेपर्यंत भांडत राही. "माझा ढाण्या कोणाचं ऐकून घेत नाही," आक्का कौतुकाने सांगत. समोरच्या डोंगरात कुत्रा नाही, हे ढाण्याला कोणी सांगितलं नव्हतं.

त्याच सड्यावर, गावाच्या बाजूला, काटेरी कुंपणाचा एक जुना मेंढवाडा होता. तिथला धनगर म्हातारा झाला, मेंढरं विकून लेकीकडे राहायला गेला. मेंढरांमागे फिरणारा त्याचा कुत्रा मात्र मागेच राहिला. वासराएवढा मोठा, भुरक्या केसांचा, आणि नजरेला नजर दिली की अंग चोरून घेणारा. तो रोज रिकाम्या कुंपणाभोवती गोल फिरत बसे. आत एकही मेंढरू नव्हतं, तरी फिरे. येणारे-जाणारे त्याला खडे मारत, कारण तो उलटून काही करत नसे.

रेवूच्या आईने त्याला पाहिलं तेव्हा तिला त्याचा फक्त आकार दिसला. एवढं मोठं कुत्रं दारात असल्यावर कोणाची हिंमत होईल? तिने भाकरी पुढे केली, तो मागे सरकला. तिने यू-यू केलं, तो आणखी मागे गेला. शेवटी ती कंटाळून घराकडे वळली. कडेवरची रेवू मागे बघत हसत होती. वेशीपाशी आईने वळून पाहिलं, तर कुत्रा हाकेच्या अंतरावरून मागोमाग येत होता. आई थांबली की थांबायचा, चालली की चालायचा.

"हे काय आणलंस, रेडकू?" सासूबाईंनी विचारलं.

"कुत्रा आहे, आत्याबाई. राखणीला."

कुत्रा तोवर कणगीमागे जाऊन भिंतीला चिकटून बसला होता. त्याचं अर्धं अंग बाहेर दिसत होतं, पण आपण पूर्ण लपलो आहोत असं त्याला वाटत होतं.

"राखणीला," सासूबाई म्हणाल्या. "बरं. त्याची राखण कोण करणार?"

त्याचं नाव भुऱ्या पडलं. कोणी बघत असलं की तो जेवायचा नाही. आईने थाळी ठेवून त्याच्याकडे बघत बसून पाहिलं, चुचकारून पाहिलं, रागावूनही पाहिलं. थाळी तशीच राही. मग एकदा ती थाळी ठेवून त्याच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली, आणि मागून लपलप आवाज आला. तेव्हापासून ती रोज तशीच बसू लागली. आपल्यालाही कोणी टक लावून बघत असलं की घास उतरत नाही, हे तिला आठवलं. नवी नवरी होती तेव्हा सगळं घर तिच्या ताटाकडेच बघायचं.

हळूहळू भुऱ्या कणगीमागून बाहेर आला. एका दुपारी तिने तांदूळ निवडता निवडता पाय लांब केला, तर पावलावर काहीतरी जड, उबदार येऊन टेकलं. त्याची हनुवटी. पायाला मुंग्या आल्या तरी तिने तो हलवला नाही.

पण राखण काही तो करेना. ओसरीच्या खांबाला त्याला रस्त्याकडे तोंड करून बांधलं, की तो साखळीभोवती फिरून रस्त्याकडे पाठ करायचा आणि घराकडे बघत बसायचा. पुन्हा वळवला, पुन्हा फिरला. कासार आला, भिक्षेकरी आला, परगावचे पाहुणे आले. भुऱ्या भुंकला नाही. रस्त्यावर कोणी आलं की त्याचं अंग कापायचं, पण पाठ तशीच.

"चोर आला तर हे त्याच्याकडून पाठ खाजवून घेईल," गोदाआक्का म्हणाल्या, आणि पाणवठ्यावर हे वाक्य फार चाललं.

दिवसा मोकळा सोडला तरी तेच. आई परसातल्या विहिरीवर पाणी काढायला गेली आणि रेवू तिथे खेळायला लागली, की भुऱ्या विहिरीच्या काठाशी जाऊन विहिरीकडे पाठ करून बसे. "पाण्यालाही भितं," सासूबाई म्हणत. स्वयंपाक चालू असताना रेवू आत आली, की तो चुलीजवळ येऊन चुलीकडे पाठ करी. एकदा तर इतका जवळ बसला की शेपटीचे केस करपले, तरी उठला नाही.

"निखाऱ्याकडे बघायचीसुद्धा छाती नाही," आक्का म्हणाल्या. "भित्र्या बाईला भित्रं कुत्रं. जोडा बरा जमला."

सगळ्या हसल्या. रेवूची आईही हसली, कारण चारचौघींत आपण एकटीनेच न हसणं तिला जमत नसे.

भाद्रपद लागला. सासूबाई एक दिवस शांतपणे म्हणाल्या, "सूनबाई, आपण पुष्कळ वाट पाहिली. कुंभारवाड्यात ढाण्याची पिल्लं झालीत. गौरी विसर्जन झालं की त्यातलं एक आणू. याला त्याच्या मेंढवाड्यात सोडून ये."

"तिथे त्याला कोण आहे, आत्याबाई?"

"इथे तरी तो कोणाच्या उपयोगाचा आहे?"

सासूबाईंचंच बरोबर असेल असं तिला वाटलं. तिला नेहमी समोरच्याचंच बरोबर वाटायचं. पण भुऱ्या पुन्हा त्या रिकाम्या कुंपणाभोवती फिरत राहील आणि थंडी पडल्यावर एक दिवस फिरायचा थांबेल, हे तिला स्पष्ट दिसत होतं. त्या दिवशी तिने त्याच्या थाळीत दुधाची धार जरा मोठी सोडली. तेवढंच तिच्या हातात होतं.

गौरी आणण्याचा दिवस आला. त्या गावात गौर म्हणजे सड्यावरचा तेरडा. गावातल्या पोरी सड्यावर जात, मुळासकट तेरडा उपटून त्याच्या जुड्या बांधत आणि घरी आणत. परतताना एक नेम होता. हातात गौर असेपर्यंत बोलायचं नाही. नेम मोडला जाऊ नये म्हणून तोंडात पाण्याची चूळ धरायची, आणि ती घरच्या उंबऱ्यापाशीच टाकायची. वाटेत कोणी बोललं तर गौर रुसते, असं सगळे मानत.

पोरींबरोबर दरवर्षी पाळीपाळीने एक बाईमाणूस जाई. त्या वर्षी पाळी रेवूच्या आईची होती.

"झालं," आक्का म्हणाल्या. "आता आमच्या पोरी घोंगडी-कानटोपी घालून गौर आणतील."

निघताना आईने रेवूला कडेवर घेतलं आणि भुऱ्याची साखळी सोडली.

"त्याला कशाला नेतेस?" सासूबाईंनी विचारलं. "ढाण्या जातोय की पोरींबरोबर."

"असू दे, आत्याबाई. त्याचे इथले थोडेच दिवस राहिलेत. सडा बघेल."

सडा फुलांनी भरला होता. पोरींनी तेरडा उपटला, जुड्या बांधल्या. सगळ्यांत मोठी तानी, आक्कांची लेक, तिने तांब्यातून प्रत्येकीला पाणी दिलं. गाल फुगवलेल्या पोरी एकमेकींकडे बघून नाकातून हसत होत्या. सगळ्यांत लहान बयो, तिचे गाल तर डोळ्यांपर्यंत चढले होते. आईने एका हाताने रेवूला धरलं आणि स्वतःही चूळ भरली. सगळ्या घराकडे वळल्या.

तेवढ्यात धुकं आलं.

सड्यावर धुकं चालत येत नाही, ते एकदम अंगावर टाकल्यासारखं पडतं. समोरची पायवाट गेली, मग झुडपं गेली, मग पुढे चालणारी तानीही अर्धीच दिसू लागली. एरवी तिने एकेकीला नावाने हाक मारून जवळ घेतलं असतं, पण तोंडात नेम होता. पोरीही गप्प होत्या. एवढ्या पोरींपैकी कोण कुठे आहे, हे सांगणारा एक आवाज नव्हता.

आवाज होता तो फक्त ढाण्याचा. तो केव्हाच पुढे पळाला होता आणि कुठेतरी जोरजोरात भुंकत होता. त्याला दुसरं कुत्रं उत्तर देत होतं. तानीने हात वर करून त्या दिशेला दाखवलं. कुत्री भुंकतात, म्हणजे तिकडेच गाव. पोरींनी एकमेकींच्या परकराची टोकं धरली आणि भुंकण्याच्या दिशेने निघाल्या. आईलाही ते पटलं. धुक्यात धीट आवाज ऐकला की कोणालाही बरंच वाटतं.

मग धुक्यातून भुऱ्या आला. त्याने पोरींच्या रांगेभोवती एक फेरी मारली, मग दुसरी, पहिलीपेक्षा जवळून. रांग आक्रसली. तो पुढे गेला आणि तानीच्या गुडघ्यांना खांदा लावून तिला मागे रेटू लागला. तानीने त्याला ढकललं. तो पुन्हा आला. शेवटी तो तिच्या पायांपुढे बसला, भुंकण्याकडे पाठ करून. कान पडलेले, अंग थरथरत होतं.

तानीने पच्चकन चूळ टाकली.

"बघा काकू. ढाण्याच्या आवाजालासुद्धा घाबरलं हे. याला बाजूला घ्या, वाट अडवतोय."

आई पुढे झाली. तिने त्याच्या मानेवर हात ठेवला, त्याला ओढायला. भुऱ्या तिच्याकडे बघत होता. मग रेवूकडे. मग तानीकडे. मग पुन्हा रेवूकडे. ही नजर आपल्या ओळखीची आहे, असं तिला वाटलं. कीर्तनात बसल्यावर तिची स्वतःची नजर अशीच फिरायची.

आणि तिच्या मनात एकामागून एक तीन गोष्टी येऊन उभ्या राहिल्या. रस्ता. विहीर. चूल.

तिने चूळ टाकली.

"सगळ्या खाली बसा."

"इथे?" तानी म्हणाली. "काकू, गाव त्या बाजूला आहे. ऐकू येत नाही का? सगळी कुत्री भुंकतायत."

"ऐकू येतंय. पण हा बघ, पाठ कुठे करून बसलाय."

"हा तर सगळीकडेच पाठ करतो."

"सगळीकडे नाही गं," आई म्हणाली. "आपल्याकडे केलीय का कधी?"

तानीने भुऱ्याकडे पाहिलं.

"घरी गेल्यावर मला हवं ते म्हणा," आई म्हणाली. "घाबरट म्हणा, नेम मोडला म्हणा. पण आत्ता बसा." तिचा आवाज इतका सरळ निघाला की तो आपलाच आहे का, हे तिने क्षणभर तपासून पाहिलं.

पोरी बसल्या. आईने हाताने चाचपून एकेकीचं डोकं शोधलं. बयो नव्हती.

"बयो," तिने हाक मारली. सगळ्यांनी हाका मारल्या. उत्तर नाही. भुऱ्या उठला. तो धुक्यात शिरला आणि दिसेनासा झाला. आईने रेवूला तानीच्या मांडीत दिलं, पण ती स्वतः जागची हलली नाही. आपण उठलो तर एकीमागे एक सगळ्या उठतील, हे तिला कळत होतं. आयुष्यात तिने एवढं अवघड काम केलं नव्हतं.

मग धुक्यात काहीतरी हललं. बयो आली, मागून भुऱ्याच्या नाकाच्या ढुशा खात. हातात तेरड्याची जुडी घट्ट, आणि गाल अजून तसेच फुगलेले. तिला हाका ऐकू आल्या होत्या. पण गौर रुसेल म्हणून तिने उत्तर दिलं नव्हतं.

भुऱ्या पुन्हा त्याच जागी जाऊन बसला. भुंकण्याकडे पाठ, पोरींकडे तोंड. थरथरत होता, पण हलला नाही.

बऱ्याच वेळाने वारा सुटला आणि धुकं फाटलं. भुऱ्याच्या शेपटीमागे थोडंसं गवत होतं. त्यानंतर गवत नव्हतं. त्यानंतर काहीच नव्हतं, फक्त खाली, खूप खोल, पांढरे ढग. बाजूच्या एका खडकावर ढाण्या उभा होता आणि समोरच्या डोंगरातल्या कुत्र्याशी भांडत होता. ते कुत्रंही शब्दाला शब्द परत देत होतं.

तानीने हळूच हात पुढे केला आणि भुऱ्याच्या मानेचे केस मुठीत धरले. गाव येईपर्यंत तिने ते सोडले नाहीत. रेवूची आई घाबरली ती तेव्हा. आधी नाही. याचं तिला पुढे पुष्कळ दिवस नवल वाटत राहिलं.

दारात सासूबाई पाण्याचा तांब्या आणि हळदकुंकू घेऊन उभ्या होत्या. गौर आणणाऱ्या पोरींचे पाय दूधपाण्याने धुवायची रीत होती. गोदाआक्काही येऊन थांबल्या होत्या.

"एवढा उशीर? आणि कोणाच्या तोंडात चूळ कशी नाही?" सासूबाईंनी विचारलं. "कोण बोललं आधी?"

"मी," तानी म्हणाली. "मग काकू." आणि तिने कडा, धुकं, ढाण्या, भुऱ्याची पाठ, सगळं सांगितलं. गोदाआक्का खाली ओट्यावर टेकल्या आणि त्यांनी लेकीला जवळ ओढलं. बयोने मात्र उंबऱ्यापाशी येऊन रीतसर चूळ टाकली आणि मान ताठ करून सगळ्यांकडे पाहिलं.

"म्हणजे गौर रुसायला नको," आक्का डोळे पुसत म्हणाल्या. "एकीने तरी नेम पाळला."

"तिच्या लेकी सुखरूप आल्या. रुसेल कशाला?" सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी एकेकीचे पाय धुतले. पोरी आत गेल्या. तांब्यात थोडं दूधपाणी उरलं होतं. भुऱ्या पायरीखाली रस्त्याकडे पाठ करून बसला होता. सासूबाई दोन पायऱ्या उतरल्या, त्याच्याकडे न बघता वाकल्या आणि उरलेलं पाणी त्याच्या पुढच्या पंजांवर ओतलं.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "कुंभारवाड्यात सांग, पिल्लू नको."

"बरं, आत्याबाई."

"आणि ती साखळी विहिरीच्या बादलीला लाव. बादलीची दोरी कधीची कुजलीय."

ढाण्याचा घसा पुढे बरेच दिवस बसलेला होता. "तेवढीच गावाला झोप," आक्का म्हणायच्या, पण त्याला कड्याकडे त्या पुन्हा एकटं सोडत नसत. भुऱ्या मात्र शेवटपर्यंत लाजराच राहिला. पाहुणे आले की अंग चोरायचा, कोणी बघत असलं की जेवायचा नाही. फरक एवढाच झाला की गावात पोरं जिथे खेळायला जमत, तिथे आया आधी भुऱ्या कुठे बसलाय ते बघत, आणि त्याच्या पाठीमागे काय आहे तेही.

पुढच्या कीर्तनाला रेवूची आई नेहमीसारखी अंगणाकडे तोंड करून बसली. शेजारी पायरीवर भुऱ्या, तोही तसाच. सासूबाईंनी एकदा बुवांकडे पाहिलं, एकदा सुनेकडे. मग त्या जरा सरकल्या, आणि गुडघा दुखतोय असं पुटपुटत त्यांनी अंगणाकडे तोंड केलं.

तात्पर्य: कोणाला भित्रा ठरवण्याआधी त्याने पाठ कशाकडे केली आहे एवढंच बघू नका, त्याचं तोंड कोणाकडे आहे तेही बघा.